काळ्या पाषाणाचा तरुण देश: आइसलँडच्या प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे आइसलँडविषयी आहेत आणि त्यांतील बहुतेक पत्रलेखक मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर जाऊ इच्छितात. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. ज्या पत्रांत एकच शंका होती, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झाले आहे. माझी शाळेपासूनची मैत्रीण शिक्षिका होती, तीही आता मोकळी आहे. धबधबे, उसळणारे गरम पाण्याचे झरे आणि ज्वालामुखीचा प्रदेश एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी आम्हा दोघींची फार दिवसांची इच्छा आहे. एका सहलीच्या पत्रकात सात दिवसांत संपूर्ण आइसलँडची प्रदक्षिणा आहे. घरच्यांचे म्हणणे असे की, पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे पावलोपावली धबधबे असताना एवढा खर्च कशाला? आम्ही काय करावे?
— एक वाचिका, इंदिरानगर

उत्तर: घरच्यांचा आक्षेप चुकीचा नाही, पण तुम्ही जावे असेच मी म्हणेन, आणि त्याचे कारण त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांतच आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, कळसूबाई हे सगळे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत तो बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हारसाच्या रूपाने बाहेर आला, थरावर थर साचत गेला आणि पुढे पावसाने व नद्यांनी तो कोरून आजचा सह्याद्री घडवला. आइसलँडचा बहुतेक भाग याच जातीच्या खडकाचा आहे. फरक एवढाच की आपल्याकडे जे केव्हाच थंडावले, ते तिथे अजून चालू आहे. ज्याने लहानपणापासून काळा कातळ पाहिला आहे, त्याला तिथे इतरांपेक्षा अधिक काही ओळखता येते. म्हणून नाशिककराने तिथे जाणे व्यर्थ खर्च आहे असे मला अजिबात वाटत नाही.

सात दिवसांच्या प्रदक्षिणेला मात्र माझा ठाम विरोध आहे. देशाभोवती फिरणारा क्रमांक १ चा रस्ता १,३०० किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे. तो सात दिवसांत संपवायचा म्हणजे रोज नवा मुक्काम, रोज सामानाची बांधाबांध आणि प्रत्येक धबधब्यापाशी वीस मिनिटे. दोन मैत्रिणींनी इतक्या वर्षांनी एकत्र निघायचे आणि गाडीच्या काचेतून देश पाहायचा, हे मला पटत नाही. आइसलँडचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. तुम्हाला जे पाहायचे आहे ते जवळजवळ सगळे नैर्ऋत्य आणि दक्षिण भागात, राजधानी रेक्याविकपासून वीक गावापर्यंतच्या सुमारे १९० किलोमीटरच्या पट्ट्यात भेटते. आठ रात्री काढता आल्या तर त्यांतल्या चार राजधानीच्या बाजूला आणि चार वीकच्या बाजूला घालवा. मुक्काम दोनच ठेवा.

पहिल्या चार दिवसांत थिंगवेट्लिर, गायझर या उसळणाऱ्या गरम झऱ्याचे खोरे आणि गुलफॉस ही तीन ठिकाणे येतात. सहल कंपन्या ती एकाच दिवसात उरकतात. तुम्ही दोन दिवसांत पाहा. थिंगवेट्लिर येथे इ.स. ९३० मध्ये आइसलँडच्या लोकांची आल्थिंग ही सभा प्रथम भरली आणि पुढे अनेक शतके ती तिथेच, उघड्यावर, कातळाच्या पायथ्याशी भरत राहिली. २००४ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. उत्तर अमेरिकेचा भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) आणि युरेशियाचा भूपट्ट इथे एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकत आहेत आणि त्या ताणाने जमिनीला लांब भेगा पडल्या आहेत. आल्मानाग्यौ नावाच्या भेगेतून चालत जाता येते. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती असलेल्या त्या वाटेवरून दोघींनी सावकाश चालावे. पायवाट चांगली आहे, गुडघ्यांना फार त्रास होत नाही.

गुलफॉस हा धबधबा ह्वीता नदीवर आहे. नदी आधी ११ मीटर आणि मग २१ मीटर अशा दोन टप्प्यांत कोसळते आणि दुसऱ्या टप्प्यानंतर आडव्या, अरुंद दरीत शिरते. वरच्या वाटेवरून पाहताना भरलेली नदी जमिनीत गडप झाल्यासारखी वाटते, आणि वाटेने खाली उतरल्यावरच ती कुठे गेली ते कळते. या धबधब्याची एक गोष्ट तुमच्या मैत्रिणीला मुद्दाम सांगा, कारण शिक्षिकेला ती नक्की आवडेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पाणी अडवून वीज निर्माण करण्याचा घाट घातला गेला होता. धबधब्याजवळच्या ब्राट्होल्ट येथील शेतकऱ्याची मुलगी सिग्रीदुर तोमासदोत्तिर हिने त्याला वर्षानुवर्षे विरोध केला, त्यासाठी दूरवरच्या रेक्याविकला पायी खेपा घातल्या आणि प्रसंगी धबधब्यात उडी घेण्याचा इशाराही दिला. तिची बाजू मांडणारे वकील स्वेन ब्यॉर्न्सन पुढे १९४४ साली आइसलँडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ती योजना बारगळली, १९७९ साली गुलफॉसला संरक्षण मिळाले आणि सिग्रीदुरचे स्मारकशिल्प आज त्या वाटेवर उभे आहे. आपल्याकडे सोमेश्वरच्या धबधब्याला किती पाणी असेल हे गंगापूर धरणातून किती विसर्ग चालू आहे त्यावर ठरते. ते वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाला, मोकळी सुटलेली ह्वीता पाहताना त्या मुलीने काय राखले ते चांगले उमगते.

दक्षिणेकडे सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन्ही धबधबे सुमारे ६० मीटर उंचीचे आहेत. ज्या कड्यांवरून ते पडतात ते एके काळी समुद्रकिनाऱ्याचे कडे होते. समुद्र मागे हटला आणि कडे आत राहिले. सेल्यालांड्सफॉसच्या मागच्या बाजूने चालत जाता येते, कारण वरच्या कठीण थराखालचा मऊ थर पाण्याने झिजून तिथे पोकळी तयार झाली आहे. अंगावर पावसाळी जाकीट आणि पायांत पकड असलेले बूट हवेत. छत्री नेऊ नका, वारा ती टिकू देत नाही.

जूनचा उत्तरार्ध किंवा जुलै निवडा. त्या दिवसांत तिथे रात्र पूर्ण काळोखी होत नाही, रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या सुमारास पुन्हा उगवतो, त्यामुळे गर्दी ओसरल्यावर रात्री दहा वाजताही धबधबा निवांत पाहता येतो. हिमनद्या वितळत असल्याने नद्यांना पाणीही भरपूर असते. तापमान मात्र दहा-बारा अंशांच्या आसपास असते, तेव्हा लोकरीचे कपडे आणि झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक, लागतो, दोघींचे अर्ज आणि विमा वेगवेगळा असतो, आणि विम्याची रक्कम किमान ३०,००० युरोंची असावी लागते. भारतातून थेट विमान नाही. युरोपात कुठेतरी विमान बदलावे लागते.

प्रश्न: मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे मी पाहिली आहेत. तिथले पाणी शांत असते, मग आइसलँडमध्ये ते एवढे उंच का उसळते? आपल्याकडे खाली ज्वालामुखी नाही, एवढेच कारण आहे का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर: तेवढे एकच कारण नाही. उष्णता तर हवीच, पण त्याबरोबर भरपूर भूजल आणि खाली खोलवर गेलेली, मध्येच अरुंद झालेली कातळातली नळी, या तिन्ही गोष्टी एकाच जागी जमून याव्या लागतात. म्हणूनच गरम पाण्याचे झरे जगभर असंख्य आहेत आणि उसळणारी कारंजी मोजक्याच प्रदेशांत आढळतात.

वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे तानसा नदीच्या काठी जे पाणी वर येते, ते पावसाचेच पाणी आहे. ते भेगांवाटे खूप खोल जाते, जमिनीच्या पोटातल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांनी परत वर येते. वाटेत ते काही प्रमाणात निवते, वर पोहोचते तेव्हा उकळीच्या बरेच खाली असते आणि त्याला वर यायला मोकळी वाट असते. त्यामुळे ते नुसते झिरपत राहते. कोकणातल्या राजवाडी-तुरळच्या आणि चोपड्याजवळच्या उनपदेवच्या गरम पाण्याचीही साधारण हीच गोष्ट आहे.

आइसलँडच्या हाउकादालूर खोऱ्यात, म्हणजे वर आलेल्या गायझरच्या खोऱ्यात, मात्र तप्त खडक फार जवळ आहे. तिथल्या स्ट्रोक्कूर नावाच्या कारंज्याचा विचार करू. त्याची नळी पाण्याने भरलेली असते. नळीच्या खालच्या पाण्यावर वरच्या पाण्याचे वजन असते आणि दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदूही वाढतो, हे तुम्ही शिकला असालच. २० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे तिप्पट होतो आणि तिथले पाणी १३० अंशांपर्यंत तापले तरी उकळत नाही. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वजनाने जे होते, ते इथे वरच्या पाण्याच्या वजनाने होते. खालचे पाणी अशा टोकाला पोहोचले की वाफेचे बुडबुडे वर सरकतात, वरचे थोडे पाणी बाहेर ढकलले जाते, तेवढ्याने खालचा दाब उतरतो, आणि मग खालच्या अतितप्त पाण्याची एकदम वाफ होते. वाफेला पाण्याच्या कित्येक पट जागा लागते, म्हणून ती वरचा सगळा स्तंभ उडवून देते. नंतर नळी पुन्हा भरते, पुन्हा तापते. स्ट्रोक्कूरच्या बाबतीत हे चक्र साधारण पाच ते दहा मिनिटांत पुरे होते आणि पाणी बहुधा १५ ते २० मीटर, कधी त्याहून बरेच उंच जाते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन, म्हणजे ज्याच्या नावाचा बर्नर तुमच्या प्रयोगशाळेत आहे तोच, १८४६ साली आइसलँडला गेला होता. त्याने या खोऱ्यातल्या मोठ्या गायझरच्या नळीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजले आणि त्यावरून हा उलगडा मांडला.

कधी पाहायला गेलात तर उंच उडालेल्या फवाऱ्यापेक्षा त्याच्या आधीच्या क्षणाकडे लक्ष द्या. कुंडाचे पाणी आधी हळूहळू वर-खाली श्वास घेतल्यासारखे हलते, मग मध्यभागी निळसर पाण्याचा एक गुळगुळीत घुमट फुगतो, त्यातून आतली वाफ दिसते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो फुटतो. बहुतेक लोक मोबाइलच्या पडद्याकडे पाहत असल्याने हा घुमट त्यांच्या हातून निसटतो. वारा पाठीवर येईल अशा बाजूला उभे राहा, नाहीतर फवाऱ्याचे पाणी अंगावर येते. आणि कुंडात नाणी टाकू नका. गोदावरीत नाणे टाकणाऱ्या आपल्या हाताला ती सवय असते, पण अशा कुंडांत टाकलेल्या वस्तूंनी झऱ्यांची तोंडे बुजतात.

प्रश्न: आइसलँडला जाणे माझ्या विद्यार्थ्यांना शक्य नाही. माझे एक मित्र भूगोलाचे शिक्षक आहेत. आम्ही दोघे मिळून मुलांना नाशिकच्या परिसरातच ज्वालामुखीचा इतिहास दाखवू शकतो का? काय दाखवावे?
— एक शिक्षक, त्र्यंबक रोड

उत्तर: तुमचे पत्र मला या महिन्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटले. जरूर दाखवा, आणि सुरुवात कसाऱ्याच्या घाटापासून करा. घाटाच्या कड्यांवर आडवे थर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात. त्यांतला एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोट. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी-लाल मातीचा पातळ पट्टा दिसतो. एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरच्या खडकाची माती झाली आणि नंतर आलेल्या लाव्हाने ती झाकली. म्हणजे तो लाल पट्टा हा दोन उद्रेकांमधला विसावा आहे, हे मुलांना कड्याकडे बोट दाखवून सांगता येते. भूशास्त्रज्ञ दख्खनच्या या थरांना गावांची आणि डोंगरांची नावे देतात, आणि तळाकडच्या एका थरसमूहाचे नाव चक्क इगतपुरी आहे, आणि तो ज्या मोठ्या गटात मोडतो त्याचे कळसूबाई. आपल्या मुलांना ही गोष्ट माहीत असायलाच हवी.

धबधबे का तयार होतात हेही इथेच कळते. कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर झिजतो, कडा तुटत मागे सरकतो. भंडारदऱ्याजवळ प्रवरेवरचा रंधा धबधबा आणि आइसलँडमधले धबधबे यांचे मूळ तत्त्व हेच आहे. पाणी मात्र आपल्याकडे मोसमी पावसाचे आणि तिकडे बरेचसे हिमनद्यांचे. पावसाळ्यात मुलांना धबधब्याच्या पात्रात उतरू देऊ नका. वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली ऊन असतानाही लोंढा घेऊन येतो, म्हणून मुलांना काठावरूनच दाखवा.

त्यानंतर पांडवलेणी. लेणी खोदणाऱ्यांनी कोणता थर निवडला, त्याचा पोत कसा आहे, हे हात लावून पाहता येते. डोंगरावर सापडणाऱ्या सुट्या दगडांत बारीक पोकळ्या दिसतात. लाव्हातला वायू बाहेर पडताना राहिलेले ते बुडबुडे आहेत. पुष्कळदा त्या पोकळ्यांत पांढरी किंवा मोतिया रंगाची स्फटिके भरलेली असतात. ती झिओलाइट वर्गातल्या आणि त्यांच्याबरोबर आढळणाऱ्या खनिजांची असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशी उत्तमोत्तम स्फटिके मांडलेली आहेत आणि मुलांची सहल तिथे नेलीच पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अशाच स्फटिकांसाठी आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावरचे तेइगारहॉर्न हे ठिकाण प्रसिद्ध आहे. स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट ही दोन खनिजे दोन्हीकडच्या खडकांत सापडतात.

मुले लोणारविषयी विचारतील. लोणारचे विवर बेसाल्टच्या खडकात आहे, पण ते ज्वालामुखीचे नाही. ते उल्कापाताने झाले आहे. आइसलँडमधले केरिद हे विवर वरवर पाहता तसेच गोल आणि पाण्याने भरलेले आहे, पण ते ज्वालामुखीचे आहे. दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून वर्गात चर्चा घडवा.

आणि प्रमाणाची कल्पना द्यायची असेल तर लाकीची गोष्ट सांगा. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकी येथे सुमारे २५ किलोमीटर लांबीची भेग उघडली, तिच्यातून आठ महिने लाव्हा वाहिला, विषारी वायूंनी गवत आणि गुरे नष्ट झाली आणि पुढच्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या दगावली. मानवी इतिहासातल्या सर्वांत मोठ्या लाव्हा-उद्रेकांपैकी तो एक होता, आणि तरीही त्याचा लाव्हा सुमारे १५ घन किलोमीटरच भरतो. आज झीज होऊन उरलेला दख्खनचा पाषाणसुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याच्या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरहून अधिक आहे. मुलांनी हे आकडे फळ्यावर स्वतः मांडून पाहावेत.

प्रश्न: माझ्या मित्राला छायाचित्रणाचे वेड आहे. पावसाळ्यात तो धबधब्याच्या अगदी काठावर जातो आणि मी ओरडत राहतो. आम्ही ऑगस्टमध्ये आइसलँडला जात आहोत. तिथे तरी कठडे वगैरे असतात ना? त्याला कसे आवरावे?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर: कठडे फार थोड्या ठिकाणी असतात. बहुतेक जागी घोट्याच्या वर येईल एवढी एक दोरी असते आणि ती ओलांडायची नाही, हे तिथे गृहीत धरलेले असते. या भरवशावरच तिथले निसर्गस्थळ मोकळे राहिले आहे, म्हणून पाहुण्याने ती दोरी भिंत समजावी.

मित्राला निघण्यापूर्वीच तीन गोष्टी समजावून सांगा, तिथे पोहोचल्यावर वाद घालून उपयोग होत नाही. गरम झऱ्यांच्या भोवतीची जमीन वरून घट्ट दिसते, पण तो काही ठिकाणी पापुद्रा असतो आणि खाली उकळते पाणी किंवा चिखल असतो. वीकजवळच्या रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर पुष्कळ लाटा शांतपणे येऊन फुटतात आणि मग अचानक एखादी खूप आत, माणसांच्या पाठीमागपर्यंत येते. तिथे माणसे वाहून गेलेली आहेत. बेसाल्टचे खांब पाहायला सगळे त्या किनाऱ्यावर जातात, ते खांब खरोखर देखणे आहेत, पण समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढायचे नाही आणि इशाऱ्याचा दिवा लाल असेल तर खाली उतरायचेच नाही. तिसरी गोष्ट शेवाळाची. जुन्या लाव्हावर हिरव्या-करड्या शेवाळाची जाड गादी पसरलेली असते. त्यावर पाय पडला की ती फाटते आणि भरून यायला कित्येक वर्षे, काही ठिकाणी दशके लागतात.

आणखी एक उपाय सुचवतो. रोज एक ठिकाण त्याच्या कॅमेऱ्यासाठी द्या, तिथे त्याला हवा तेवढा वेळ, अगदी तीन तासही, मिळू द्या. तुम्ही जवळपास चाला किंवा बसा. काठावर जाण्याची घाई बहुधा वेळ कमी असल्यामुळे होते. सूर्य तिरपा असताना स्कोगाफॉससमोरच्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटते, आणि ते सपाट, सुरक्षित जागेवरूनच चांगले दिसते.

प्रश्न: आइसलँडमध्ये सारखे ज्वालामुखीचे उद्रेक होत असल्याच्या बातम्या येतात. अशा वेळी जाणे योग्य आहे का? २०१० सारखी विमाने बंद पडली तर?
— एक वाचिका, देवळाली कॅम्प

उत्तर: बातम्या खऱ्या आहेत. रेक्यानेस द्वीपकल्पावर शतकानुशतकांच्या शांततेनंतर मार्च २०२१ मध्ये फाग्रादालस्फ्यात्ल येथे उद्रेक झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये भूकंपांच्या मालिकेनंतर ग्रिंडाविक हे मासेमारीचे गाव रिकामे करावे लागले आणि डिसेंबरपासून त्या भागात वारंवार भेगा उघडल्या. ज्यांची घरे गेली त्या लोकांसाठी तो देखावा नव्हता, हे पर्यटकांनी विसरू नये.

तुमच्या दुसऱ्या शंकेबाबत सांगायचे तर, २०१० साली एयाफ्यात्लायोकूल हा ज्वालामुखी हिमनदीखाली फुटला, तप्त लाव्हा आणि बर्फाचे पाणी एकत्र येऊन अतिशय बारीक राख वर गेली आणि एप्रिलमध्ये युरोपातली विमानसेवा बरेच दिवस विस्कळीत झाली. रेक्यानेसचे उद्रेक बहुतांशी भेगांतून शांतपणे लाव्हा वाहण्याच्या प्रकारचे आहेत, त्यांत राख थोडी असते. ते चालू असतानाही केफ्लाविकचा विमानतळ सहसा चालू राहिला आहे. तरीही परतीच्या तारखेनंतर लगेच घरात लग्नकार्य ठेवू नका, विमा घेताना त्यात नैसर्गिक आपत्तीमुळे झालेला विलंब धरला आहे का ते वाचा, आणि रोज सकाळी तिथल्या हवामान खात्याची सूचना पाहा. उद्रेक चालू असलाच तर अधिकृत वाटेने आणि परवानगी असेल तेव्हाच जा. नव्या लाव्हावर पाऊल ठेवू नका; वरची साय काळी झाली तरी आत तो तप्तच असतो, आणि वारा पडला की खोलगट जागी विषारी वायू साचतात. जवळून वाहता लाव्हाच पाहायचा असेल तर वीकमध्ये खरा लाव्हा वितळवून दाखवण्याचा कार्यक्रम होतो, तो तुमच्यासाठी पुरेसा आहे.

प्रश्न: आम्ही दोघे मित्र भाड्याची गाडी घेऊन फिरणार आहोत. कसारा घाटात रोज गाडी चालवणाऱ्याला तिथे काय अवघड जाईल?
— एक वाचक, ओझर

उत्तर: घाट अवघड जाणार नाहीत, वारा जाईल. उतरताना दार दोन्ही हातांनी धरून उघडा. जोराच्या वाऱ्याने दारे उलटी फिरून बिजागऱ्या तुटतात आणि हा खर्च नेहमीच्या विम्यात बहुधा बसत नाही. वाळू-राखेने काच आणि रंग खरवडला गेला तर त्याचाही विमा वेगळा असतो. गाडी उजव्या बाजूने चालवायची. दोन पदरी वर्तुळाकार चौकात आतल्या पदरातून बाहेर पडणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे, हे आपल्या सवयीच्या उलट आहे. एकेरी पुलांवर जी गाडी आधी जवळ येते ती आधी जाते. मोकळ्या डांबरी रस्त्यावर ताशी ९० आणि खडीच्या रस्त्यावर ८० ही मर्यादा आहे. नकाशावर रस्त्याच्या क्रमांकाआधी एफ हे अक्षर असेल तर तो डोंगराळ रस्ता चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीसाठीच आहे. रस्ता सोडून गाडी घालणे गुन्हा आहे. दोघांनीही चालवण्याची कागदपत्रे करून ठेवा, एकट्यावर भार टाकू नका.

प्रश्न: आम्ही दोघी शाकाहारी आहोत. जेवणाचे काय? आणि तिथल्या गरम पाण्याच्या तलावांत जाताना काही पथ्य असते का?
— एक वाचिका, नाशिक रोड

उत्तर: स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. दूधदुभते, ब्रेड, फळे दुकानांत मिळतात, भूगर्भातल्या उष्णतेवर चालणाऱ्या काचघरांत टोमॅटो-काकडी पिकते, आणि लाउगार्वात्न गावात गरम जमिनीत पुरून भाजलेला राईचा गोडसर ब्रेड मिळतो, तो जरूर चाखा. सूप घेताना आधी विचारा, त्यात बहुधा मटण असते. मेतकूट, भाजणी आणि सुक्या चटण्या घरून नेल्यात तर रात्रीच्या जेवणाची चिंता उरणार नाही. नळाचे गार पाणी उत्तम असते. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, ते अंघोळीला ठीक, पिऊ नये.

सार्वजनिक तलावांत उतरण्यापूर्वी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने पूर्ण अंघोळ करावी लागते. तिथे पाण्यात रसायने कमीत कमी वापरतात, म्हणून हा नियम कडक आहे. स्त्रियांची न्हाणीघरे वेगळी असतात आणि कित्येक ठिकाणी आडोशाची एखाद-दुसरी जागाही असते. संकोच वाटेल, पण कोणी कोणाकडे पाहत नाही.

प्रश्न: मला धबधबे पाहायचे आहेत, मित्राला उत्तर ध्रुवीय प्रकाश. तो म्हणतो डिसेंबर, मी म्हणतो जुलै. एकाच प्रवासात दोन्ही साधेल का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर: जुलैमध्ये रात्र काळोखी होत नसल्याने तो प्रकाश दिसण्याचा प्रश्नच येत नाही. डिसेंबरमध्ये दिवस चार-पाच तासांचा, रस्त्यांवर बर्फ, आणि सेल्यालांड्सफॉसच्या मागची वाट व गुलफॉसची खालची वाट बर्फामुळे बंद असण्याचीच शक्यता अधिक. तुम्ही दोघांनी सप्टेंबरचा उत्तरार्ध घ्यावा. दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, धबधब्यांना पाणी असते, दक्षिणेचे रस्ते खुले असतात, टेकड्यांवरची झुडपे पिवळी-तांबडी झालेली असतात. पाऊस आणि वारा मात्र जुलैपेक्षा अधिक सोसावा लागेल. मुक्काम गावाच्या दिव्यांपासून दूर घ्या आणि एका जागी किमान तीन रात्री राहा, कारण प्रकाश दिसणे आकाश निरभ्र असण्यावर अवलंबून आहे. तिथल्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ढगांचा अंदाज नकाशावर दिलेला असतो; त्यात पांढरा भाग म्हणजे मोकळे आकाश. संध्याकाळी तो नकाशा मित्राने पाहावा आणि सकाळी कोणत्या धबधब्याकडे निघायचे ते तुम्ही ठरवावे.